डॉ. होमी भाभा आणि ‘अप्सरे’चे पाणी

भारतीय अणुसंशोधनाचे शिल्पकार डॉ. होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत झाला. अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी ते १९२७ मध्ये केंब्रिजला गेले. पण त्यांचे मन रमले ते भौतिकशास्त्रात. रोममध्ये एन्रिको फर्मी यांच्याकडेही त्यांनी काही काळ अध्ययन केले. पाण्यातून किंवा पॅराफिनमधून जाताना न्यूट्रॉन मंदावतात आणि मंद न्यूट्रॉन अणुकेंद्रात अधिक सहजपणे शिरतात, हे याच फर्मींनी १९३४ मध्ये दाखवून दिले.

१९३९ मध्ये युद्धामुळे भाभा मायदेशीच राहिले. बंगळूरला त्यांनी विश्वकिरणांवर संशोधन केले आणि १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी केली. पुण्याचे गणिती दामोदर कोसंबी ‘डेक्कन क्वीन’ने याच संस्थेत जात. १९४८ मध्ये भाभा अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले.

ट्रॉम्बे येथील ‘अप्सरा’ ही आशियातील पहिली संशोधन अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झाली. तिचा गाभा पाण्याच्या खोल हौदात बुडवलेला होता. विखंडनातून सुटलेला न्यूट्रॉन सेकंदाला सुमारे २० हजार किलोमीटर वेगाने धावतो. जड अणुकेंद्रावर आदळला तर तो वेग फारसा न गमावता परततो. पाण्यातील हायड्रोजनचे केंद्रक मात्र जवळजवळ त्याच्याच वजनाचे असते. कॅरमची एक सोंगटी दुसरीवर समोरासमोर आदळताच थबकावी, तशी त्याची ऊर्जा हायड्रोजनकडे जाते. सरासरी अठरा-एक धडकांनंतर त्याचा वेग सेकंदाला सुमारे २.२ किलोमीटरवर येतो. तेच पाणी गाभा थंड ठेवते आणि किरणोत्सर्गही अडवते.

परंतु साधे पाणी काही न्यूट्रॉन गिळूनही टाकते. त्यामुळे ‘अप्सरे’ला समृद्ध युरेनियम लागे आणि ते ब्रिटनकडून आणावे लागले. इंधनासाठी कायम इतरांच्या दाराशी उभे राहणे भाभांना मान्य नव्हते. जड पाणी न्यूट्रॉन फारच कमी शोषते. तेथे नैसर्गिक युरेनियमही पुरते. म्हणूनच त्यांनी जड पाण्याची वाट धरली आणि देशातील विपुल थोरियमवर अखेरची मदार ठेवली. कॅनडाच्या साहाय्याने उभारलेली ‘सायरस’ १९६० मध्ये सुरू झाली. पुढे देशातील बहुतेक अणुवीज केंद्रे जड पाण्यावरच उभी राहिली.

हे फळ पाहण्यास भाभा उरले नाहीत. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावरील विमान अपघातात, वयाच्या अवघ्या ५६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ‘अप्सरा’ २००९ मध्ये विसावली; २०१८ मध्ये ट्रॉम्बे येथेच तिचा नवा अवतार कार्यान्वित झाला. तिचे इंधन मात्र देशातच घडवलेले होते.