रंगांनी दगा दिला, रेषांनी तारले

अतिदक्षता विभागात रुग्णाच्या उशाशी एक लहानसा सिरिंज पंप असतो. तासाला दोन-तीन मिलिलिटर इतक्या मंद गतीने तो शिरेतून औषध सोडत राहतो. असे बरेच पंप स्टेपर मोटरवर चालतात. साधी मोटर वीज मिळताच गरगर फिरू लागते. स्टेपर मोटर मात्र विजेच्या प्रत्येक ठोक्याला मोजून एकच पाऊल टाकते. नेहमीच्या वापरातल्या मोटरीत हे पाऊल १.८ अंशांचे असते, म्हणजे २०० पावलांत एक फेरी पूर्ण होते.

हीच मोटर अर्डुइनोसारख्या छोट्या बोर्डाला जोडून फिरवण्याचा उद्योग ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत नवी मुंबईतले अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि घरातले हौशी खटपटे करत असतात. मोटरीतून चार तारा बाहेर येतात, पुष्कळदा काळी, हिरवी, लाल आणि निळी. कोणती तार कुठे लावायची हे रंगावरून सांगितलेले असते. ज्याला लाल आणि हिरव्यातला फरक नीट कळत नाही, त्याचे काम इथेच अडते. हे क्षेत्र आपल्यासाठी नाही, असा समज तो करून घेतो, किंवा घरचे त्याला करून देतात. अशा मुलाने आणि त्याच्या पालकांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांचे आयुष्य जाणून घ्यावे. महाराष्ट्रातल्या यंत्रोद्योगाचा पाया घालणाऱ्या या माणसाला ऐन उमेदीत रंगांनीच दगा दिला होता.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक होते. लक्ष्मणचे मन मात्र शालेय पुस्तकांत रमत नसे. चित्रे काढणे आणि यंत्रे न्याहाळणे हे त्याचे दोन नाद. वडिलांच्या मनात नसताना, थोरले बंधू रामुअण्णा यांच्या पाठबळावर १८८५ मध्ये तो मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. चित्रकार व्हायचे हे ठरले होते.

दोन वर्षे गेली आणि अडचण उघड झाली. रेखाटन उत्तम होते, प्रमाणबद्धता चोख होती, पण रंग चुकत होते. लक्ष्मणरावांना अंशतः रंगांधळेपणा होता.

आपल्या डोळ्याच्या पडद्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या असतात. त्यांपैकी एखादा प्रकार जन्मतःच नसला किंवा वेगळ्या रीतीने काम करत असला, की काही रंग एकमेकांत मिसळल्यासारखे दिसतात. आकार, अंतर, उजेड-सावली हे सारे स्पष्ट दिसते. नजर तीक्ष्ण असते. त्यामुळे आपल्याला वेगळे दिसते हे त्या व्यक्तीच्याही लक्षात येत नाही. इंग्लंडमधील रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टन यांनी स्वतःच्या अशा दृष्टीचे वर्णन १७९४ मध्ये केले होते. पण रंगीत ठिपक्यांत लपलेला आकडा ओळखण्याची सोपी तपासणी जपानचे डॉ. शिनोबू इशिहारा यांनी प्रसिद्ध केली ती १९१७ मध्ये. लक्ष्मणरावांच्या काळी मुंबईत ती असती, तर जो दोष कळायला दोन वर्षे लागली तो पाच मिनिटांत कळला असता.

चित्रकलेचा रस्ता बंद झाला, पण चित्रशाळेत शिकवली जाणारी एक गोष्ट त्यांच्या उपयोगाची उरली: यांत्रिक आरेखन. त्यात रंगाला काम नसते. काळी रेषा, माप आणि कोन एवढ्यावर यंत्राचा भाग कागदावर उभा राहतो, आणि कारागीर त्यावरून तो लोखंडात उतरवतो. लक्ष्मणरावांचा हात आणि नजर इथे जराही कमी पडली नाही. तेव्हा भायखळ्याला असलेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये, त्यांना साहाय्यक शिक्षकाची नोकरी मिळाली. शिकवण्याचे तास संपले की ते तिथल्या कार्यशाळेत जात, यंत्रे हाताळत, अमेरिकेतून येणारी यांत्रिक विषयांची मासिके वाचत. पदवी त्यांनी घेतली नाही. शिक्षण मात्र तिथे झाले.

दरम्यान १८८८ मध्ये बेळगावला किर्लोस्कर बंधूंचे सायकलचे दुकान सुरू झाले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवत, रामुअण्णा त्या विकत आणि गिऱ्हाइकांना चालवायलाही शिकवत. पुढे नोकरीत हक्काची बढती लक्ष्मणरावांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. तेव्हा त्यांनी मुंबई सोडली आणि ते बेळगावला आले. दुकानाच्या जोडीला छोटा कारखाना निघाला. आधी कडबा कापण्याचे यंत्र झाले, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज होता, त्यामुळे सुरुवातीला नांगराला गिऱ्हाईक मिळेना. लक्ष्मणराव नांगर सुधारत राहिले आणि शेतकऱ्याने स्वतः वापरून पाहण्याची वाट पाहत राहिले.

बेळगावची जागा नगरपालिकेच्या विस्तारात गेली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. हे राजे स्वतः चित्रकार होते. त्यांनी आपल्या संस्थानातील कुंडल रोड स्थानकाजवळची जागा दिली, वर दहा हजार रुपयांचे कर्जही दिले. निवडुंगाने भरलेल्या आणि सापांचा सुळसुळाट असलेल्या त्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. तिथे कारखान्याबरोबर वसाहत झाली. लक्ष्मणराव अस्पृश्यता मानत नसत. गुन्हेगारीचा शिक्का बसलेल्या माणसांवर त्यांनी वाडीच्या रखवालीची जबाबदारी टाकली. माणूस काय करू शकतो हे काम देऊन पाहावे, त्याच्यावरच्या शिक्क्यावरून ठरवू नये, ही त्यांची रीत होती. एक शिक्का कोवळ्या वयात त्यांच्यावरही बसला होता.

नांगरामागून चरक, मोट, पंप अशी यंत्रे येत गेली. १९४६ मध्ये बंगळूरला किर्लोस्कर इलेक्ट्रिक कंपनी स्थापन झाली आणि विजेच्या मोटरी हाही किर्लोस्करांचा मोठा उद्योग झाला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. रंग नीट न दिसणाऱ्या या माणसाने उभारलेल्या उद्योगांत हजारो हातांना काम मिळाले.

आता पुन्हा त्या चार तारांकडे येऊ. लक्ष्मणरावांनी रंगाऐवजी मापावर भिस्त ठेवली. स्टेपर मोटर जोडताना नेमके तेच करायचे असते, आणि ते ज्यांना सगळे रंग दिसतात त्यांनीही करावे, कारण तारांचे रंग सगळ्या कंपन्या सारखेच ठेवतात असे नाही.

चार तारांच्या मोटरीत तांब्याच्या तारेची दोन स्वतंत्र वेटोळी, म्हणजे कॉइल असतात. एका कॉइलची दोन टोके म्हणजे एक जोडी. मल्टिमीटर ओहमवर ठेवून दोन तारांना लावावा. काही ओहम रोध दिसला तर त्या एकाच कॉइलच्या; काहीच दाखवले नाही तर वेगवेगळ्या. मल्टिमीटर नसेल तर दोन तारांची उघडी टोके एकत्र पिळावीत आणि मोटरीचा दांडा बोटांनी फिरवावा. दांडा जड झाला की जोडी सापडली. प्रत्येक जोडीला कागदाची चिठ्ठी चिकटवून तिच्यावर अक्षर लिहावे. पुढे रंगाकडे पाहायची गरज उरत नाही. जोड्यांची सरमिसळ झाली तर मोटर फिरण्याऐवजी नुसती थरथरते. एका जोडीची दोन टोके उलटसुलट झाली तर ती विरुद्ध दिशेने फिरते, एवढेच.

मोटर थेट अर्डुइनोच्या पिनांना मात्र जोडू नये. एक पिन सुमारे २० मिलिअँपिअर वीज सुरक्षितपणे देते आणि अशा मोटरीला एक अँपिअरच्या आसपास लागते. म्हणून मध्ये ड्रायव्हर लागतो. अर्डुइनो फक्त पाऊल आणि दिशा यांचे इशारे देतो, जोर ड्रायव्हर पुरवतो. ड्रायव्हरवर मोटरीला झेपेल एवढीच विजेची मर्यादा लावून घ्यावी. वीज चालू असताना मोटरीची तार कधी काढू नये. त्या क्षणी उसळणाऱ्या दाबाने ड्रायव्हर जळतो.

लाल-हिरव्याचा जन्मजात रंगांधळेपणा आईकडून मुलाकडे येतो. आईला स्वतःला बहुधा सगळे रंग दिसतात. पण ती त्या जनुकाची वाहक असेल तर तिच्या प्रत्येक मुलग्याला तो असण्याची शक्यता निम्मी. युरोपीय वंशाच्या पुरुषांत दर बारांत साधारण एकाला तो असतो, स्त्रियांत फार कमी. त्यावर औषध नाही. विशेष चष्म्यांनी काही रंगांतला फरक उठून दिसू शकतो, पण दृष्टी बदलत नाही. रेल्वे इंजिन चालवण्यासारख्या कामांना निर्दोष रंगदृष्टी लागतेच. बाकीचे बरेच दरवाजे मात्र उगाच बंद ठेवलेले असतात. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमधील अभ्यासक्रम रंगांधळ्या विद्यार्थ्यांना खुले करावेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला.

म्हणून मूल शाळेत जाऊ लागले की नेत्रतपासणीच्या वेळी रंगदृष्टीही तपासून घ्यावी. खडूचा रंग चुकला म्हणून ते रागावण्याचा विषय होऊ नये, आणि बारावीनंतरच्या वैद्यकीय तपासणीत हे पहिल्यांदा कळून स्वप्न मोडू नये.

एक इशारा वेगळा लक्षात ठेवावा. आधी नीट दिसणारे रंग मोठेपणी फिके किंवा वेगळे दिसू लागले, तर तो जन्मजात दोष नव्हे. डोळ्याच्या नसेचा आजार असू शकतो. क्षयरोगावरील एथाम्ब्युटॉल या औषधाने काही रुग्णांत असे होते. त्यांनी वाट न पाहता, स्वतःच्या मनाने औषधे न बदलता, लगेच आपल्या डॉक्टरांना गाठावे. वेळीच कळले तर नजर बहुधा वाचते.