दुधाची हिरकणी, फ्रान्सची

दूध विकणारी बाई म्हटलं की आपल्या रायगड जिल्ह्यातल्या कुणालाही आधी हिरकणीच आठवणार. गडाचे दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, आणि ही कडा उतरून गेली. तिचं माहेरचं नाव काय, ती किती वर्षं जगली, काही ठाऊक नाही. बुरूज मात्र आहे. फ्रान्समध्येही अशीच एक दूधदुभत्यातली बाई होऊन गेली. तिच्या नावाने बुरूज नाही, पण गोल लाकडी डबीतलं एक चीज आहे. मैत्रिणींनो, आज तिची गोष्ट.

तिचं नाव मारी. माहेरचं आडनाव फोंतेन, सासरचं आरेल. जन्म 28 एप्रिल 1761, नॉर्मंडी प्रांतातल्या क्रूत या खेड्यात. नॉर्मंडी म्हणजे समुद्राकाठचा, भरपूर पावसाचा, हिरव्या कुरणांचा मुलूख. थोडक्यात, आपल्या कोकणासारखाच, फक्त नारळाच्या जागी सफरचंद. 1785 साली झाक आरेलशी तिचं लग्न झालं. कामाँबेर नावाच्या गावात बोमोन्सेल म्हणून एक वाडा होता, तिथे ती चीज करायला होती. पहाटे धारा, मग दूध तापवणं, विरजणं, निथळणं. सुट्टी कसली? गाय सुट्टी घेत नाही, हे घरी गोठा असलेल्यांना सांगायला नको.

त्याच सुमारास फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. नव्या सरकारशी निष्ठेची शपथ घ्यायला जे धर्मगुरू तयार नव्हते, त्यांची धरपकड सुरू झाली. असाच एक बोनवूस्त नावाचा धर्मगुरू बोमोन्सेलला लपून राहिला. तो ब्री चीजच्या मुलखातला, त्याने आश्रयाच्या बदल्यात मारीला कृती सांगितली आणि कामाँबेर चीज जन्माला आलं, अशी कथा फ्रान्समध्ये शाळकरी मुलांनाही माहीत असते.

कथा छान आहे, पण मला ती पटत नाही. एक तर कामाँबेरच्या चीजचा उल्लेख 1708 सालच्या एका फ्रेंच कोशात आहे, म्हणजे मारीच्या जन्माआधी पन्नासेक वर्षं तिथल्या बाया ते करतच होत्या. आणि दुसरं म्हणजे, जन्मभर दुधात हात असलेल्या बाईलाही कुणा पुरुषाने येऊन शिकवावं लागलं, हे लोकांना किती सहज खरं वाटतं बघा! मारीने शोध लावला नसेल, पण हाताला चव होती, आणि ती चव तिने लेकीच्या हाती दिली. खरं काम हेच.

तसं हे चीज करायला फार अवघड नाही, जिकिरीचं आहे. पनीर करताना आपण उकळत्या दुधात लिंबू पिळतो आणि फडक्यात बांधून वर वरवंटा ठेवतो. इथे दूध जेमतेम कोमट, आणि ते घट्ट होतं वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटने. मग ती दह्यासारखी कवडी न मोडता, पळीपळीने भोकांच्या साच्यात ओतायची. वर वजन नाही, आपल्या चक्क्यासारखं आपल्याआपण निथळू द्यायचं. मग मीठ लावून तीनेक आठवडे थंड, ओलसर खोलीत मुरवायचं. वर बुरशीची साय धरते, तीच त्याची चव. मारीच्या काळी ही साय निळसर-राखाडी असे. आजची पांढरीशुभ्र साय विसाव्या शतकातली. अडीचशे ग्रॅमच्या एका चकतीला दोन लिटरहून जास्त दूध लागतं.

मारीची मुलगीही मारीच. तिने आणि जावई पेनेल यांनी धंदा वाढवला, नातवंडांनी गावोगाव दुग्धालयं काढली. मग रेल्वे आली आणि सकाळचं चीज पॅरिसच्या बाजारात पोचू लागलं. 1863 साली तिच्या नातवाने ते सम्राट तिसऱ्या नेपोलियनला चाखायला दिलं आणि त्याला ते फार आवडलं, असं सांगतात. 1890 च्या सुमारास पातळ लाकडाची गोल डबी निघाली, आणि गवतात गुंडाळून जाणारं चीज सातासमुद्रापार गेलं. पहिल्या महायुद्धात ते सैनिकांच्या शिध्यात होतं.

हे वैभव मारीने पाहिलं नाही. ती 9 नोव्हेंबर 1844 रोजी विमुतिए या गावी वारली, त्र्याऐंशीव्या वर्षी. गावही तिला विसरलं. 1926 साली निरिम नावाचा एक अमेरिकन डॉक्टर तिथे आला आणि मारी आरेलला फुलं वाहायची आहेत म्हणू लागला. पोटाच्या रुग्णांना या चीजने गुण येतो, अशी त्याची श्रद्धा! गावकरी एकमेकांकडे बघत राहिले. मग धावपळ झाली, वर्गणी झाली आणि 1928 साली फ्रान्सच्या माजी राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते तिचं स्मारक उभं राहिलं. जून 1944 च्या बॉम्बवर्षावात विमुतिए गाव बेचिराख झालं, मारीचा पुतळाही मोडला. नवा पुतळा आला तो अमेरिकेतल्या ओहायो राज्यातून, व्हॅन वर्टच्या चीज कारखान्यातल्या चारशे कामगारांकडून.

कामाँबेर आता आपल्याकडेही बनतं आणि मुंबईच्या मोठ्या दुकानात मिळतं. शाकाहारी असाल तर वेष्टनावरची हिरवी खूण तेवढी बघून घ्या. फ्रीजमधून काढून तासभर बाहेर ठेवा, म्हणजे आतून लोण्यासारखं मऊ होतं. केकसारखे त्रिकोणी तुकडे करायचे, वरची साय खरवडून टाकायची नाही. वास उग्र येतो, पण सुकट-बोंबील आवडीने खाणाऱ्या आपण अलिबाग-मुरूडकडच्या बायकांनी त्याला नाक मुरडू नये! आमच्याकडे पहिल्यांदा डबी उघडली तेव्हा मुलं लांब पळाली होती. सासूबाईंनी मात्र तव्यावरून काढलेल्या गरम तांदळाच्या भाकरीवर एक तुकडा ठेवला, तो वितळेपर्यंत थांबल्या, आणि शांतपणे दुसरी भाकरी मागितली.