डिग्री मिळाली, पण माठातलं पाणी नाही

मालेगाव : बारावी झाली की तालुक्यातली पोरं वाशीम, अकोला, अमरावतीला शिकायला जातात. तिथं कोणी हाकलत नाही. पण आडनाव विचारून झालं की कधी कधी बोलणंच कमी होतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे शंभर वर्षांआधी सोसलं.

14 एप्रिल 1891 ला महू येथे जन्मलेले भीमराव मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकले. एकदा गुरुजींनी फळ्याजवळ बोलावलं, तर वर्गातल्या पोरांनी धावत जाऊन फळ्यामागचे आपले डबे उचलले. संस्कृत शिकायची इच्छा होती, पण फारसी घ्यावी लागली. 1907 ला मॅट्रिक झाले, कॉलेजात गेले. तिथला हॉटेलवाला त्यांना चहा-पाणी देत नसे.

1913 ला सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथं हा विटाळ नव्हता. परतल्यावर 1918 ला मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. तरी प्राध्यापकांच्या माठातलं पाणी ते पितात म्हणून काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली.

पुढे त्यांनी 1945 ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी, 1946 ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज आणि 1950 ला औरंगाबादेत कॉलेज काढलं. तेच आजचं मिलिंद. 6 डिसेंबर 1956 ला ते गेले.

प्रवेश कायद्यानं मिळतो, आपलेपण सोबतची पोरंच देतात. नव्या पोराला आडनावाआधी नाव विचारा, आणि डबा उघडताना शेजारी बसवा.