पोथीच्या अक्षरांत सापडणारा माणूस: सरस्वती गंगाधर

कलबुर्गीहून आळंदकडे निघालं की वाटेत कडगंची लागतं. आजच्या विद्यार्थ्याला हे नाव कर्नाटक केंद्रीय विद्यापीठामुळे ठाऊक असतं. मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याला मात्र ते दुसऱ्या कारणासाठी ठाऊक हवं. 'गुरुचरित्र' लिहिणारे सरस्वती गंगाधर हे याच गावच्या साखरे घराण्यातले.

१६व्या शतकातल्या या कवीबद्दल आपल्या हाती जे आहे, ते जवळपास सगळं त्यांच्याच पोथीत आहे. म्हणजे चरित्र लिहायचं तर आधी शोधायचं. आणि हजारो ओव्यांत शोधायचं तर आपल्या पिढीचा हात कीबोर्डकडे जाणारच.

पायथॉनमध्ये मजकुरावर 'फाइंड' लावलं की मागितलेली अक्षरं कुठल्या जागी सुरू होतात तो आकडा मिळतो. मोजणी ० पासून, आणि काहीच नसेल तर उत्तर -१. (म्हणून उत्तर ० आलं तर 'नाही' समजू नका, शब्द अगदी सुरुवातीलाच आहे!) आता 'सरस्वती' हा शब्द घ्या. आपल्याला दिसतात चार अक्षरं. मशीन मोजतं सात चिन्हं, कारण 'स्व'मधला पाय मोडायचा हलन्त आणि 'ती'ची वेलांटी त्याच्या लेखी स्वतंत्र असतात. त्यामुळे 'व' कुठे आहे असं विचारलं तर उत्तर येतं ४.

खरी गंमत पुढे आहे. पोथीभर 'सरस्वती' शोधलं की कवी सापडतो, पण एकटा नाही. ज्यांचं हे चरित्र, ते नृसिंह सरस्वती सापडतात, विद्येची देवी सापडते, नदीही सापडते. 'गंगाधर' म्हटलं तर शंकर आणि कवीचे वडील एकाच रांगेत. मशीन चिन्हं जुळवतं, माणसं नाही. ती ओळखायची तर ओवी वाचायलाच हवी.

वाचत गेलं की पहिल्याच अध्यायात वंशावळ मिळते. गोत्र कौंडिण्य, शाखा आपस्तंब. सायंदेव, त्यांचे नागनाथ, त्यांचे देवराव, देवरावांचे गंगाधर, आणि गंगाधरांचे सरस्वती. स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव एकत्र, हीच कवीची सही. एखाद्या प्रतीत ती जोडून छापलेली असते, एखादीत तोडून. मधली एक मोकळी जागा चुकली तरी -१. मला विशेष वाटतं ते याचं, की कवीने आईचं नावही नोंदवलंय: चंपा, चौंडेश्वरांची मुलगी. एरवी अशा वंशावळीत आया क्वचितच दिसतात.

या घराण्याची गुरूशी गाठ पडते ती गोदावरीकाठच्या वासरब्रह्मेश्वरी. सायंदेव तिथे यवन अधिकाऱ्याच्या चाकरीत होते. चौदाव्या अध्यायातली त्यांची भीती फार खरी आहे. वर्षाला एका ब्राह्मणाला मारणाऱ्या त्या अधिकाऱ्याने त्यांना बोलावलेलं असतं आणि आज आपली पाळी, हे त्यांना कळून चुकलेलं असतं. ते वाचतात. पुढे पंधरा वर्षांनी पुन्हा भेट होईल, असं गुरू सांगतात. ती भेट गाणगापूरची.

त्याच सायंदेवांच्या पणतूचा मुलगा, म्हणजे खापरपणतू, हा ग्रंथ लिहायला बसला. त्याने रचना केली सिद्ध आणि नामधारक यांच्या संवादाची. नामधारक विचारतो, सिद्ध सांगतो. एकेचाळिसाव्या अध्यायात सिद्ध नामधारकाला सायंदेव हा तुझाच पूर्वज असं सांगतो, आणि प्रश्न विचारणारा तो शिष्य म्हणजे कवी स्वतःच, हे उघड होतं. हे कुठल्याही 'फाइंड'ला सापडणार नाही. तिथे 'सरस्वती गंगाधर' ही चिन्हं नाहीत, पण माणूस तोच आहे.

त्यांची मातृभाषा कन्नड होती असं मानलं जातं. घरात एक भाषा आणि लेखणीला दुसरी, हे आमच्या चर्चमधल्या मंडळींना नवं नाही; फादर स्टीफन्स इंग्लंडहून आले आणि १६१६ मध्ये त्यांचं मराठी 'ख्रिस्तपुराण' राचोलला रोमन लिपीत छापलं गेलं. सरस्वती गंगाधरांनी त्याच्याही आधी, कन्नड मुलखात बसून, ज्ञान, कर्म आणि भक्ती अशा तीन कांडांत मांडला जाणारा मराठी ग्रंथ उभा केला. पुढे रामचंद्र कृष्ण कामत यांनी त्याची संपादित प्रत तयार केली. घरोघरच्या सप्ताहांत तो आजही वाचला जातो.

आणि घरची भाषा त्यांनी पूर्ण बाहेर ठेवली नाही. एकेचाळिसाव्या अध्यायात सायंदेव गुरूची स्तुती कन्नडमध्ये करतात, ती पदं मराठी पोथीत तशीच आहेत, देवनागरीत. तिथे कन्नड लिपीत टाइप केलेला 'ळ' शोधा, -१. देवनागरी 'ळ' टाका, की सापडतो.