ओट्यावरच्या गप्पांतल्या ललिताबाई

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी तुम्हीही काहीतरी लिहा, असा निरोप सेक्रेटरीसाहेबांनी तीन वेळा धाडला. माझं आयुष्य बँकेत गेलं. तिथं लिहिलं ते म्हणजे ऑडिटच्या शेऱ्यांना उत्तरं आणि थकबाकीदारांना नोटिसा. ते स्मरणिकेत कोण वाचणार! शेवटी ठरवलं, की आपल्या ओट्यावर जे बोलणं होतं त्यातलंच काहीतरी लिहावं.

आपल्या ले-आऊटच्या ओपन स्पेसमधला मारुतीच्या देवळाचा ओटा सगळ्यांच्या ओळखीचा आहे. संध्याकाळी साडेसहाला आम्ही सहा-सात रिटायर्ड माणसं तिथं जमतो. राजकारण काढलं की भांडणं होतात आणि दुखणी काढली की मन खट्टू होतं. म्हणून अलिखित ठराव असा, की बोलायचं ते जुन्या सिनेमांवर आणि जुन्या दूरदर्शनवर. ‘हम लोग’ आधी की ‘बुनियाद’ आधी, ‘छायागीत’ कोणत्या वारी लागायचं, यावर अर्धा-अर्धा तास जातो. मोबाइलवर यू-ट्यूब काढून खात्री करून घेणारेही आहेत, पण त्यानं गप्पांची मजा जाते असं बहुमत आहे.

मागच्या हिवाळ्यात एकदा विषय निघाला, की हिंदी सिनेमात सगळ्यात जहाल खलनायिका कोण? कोणी नादिराचं नाव घेतलं, कोणी शशिकलाचं, कोणी बिंदूचं. हात वर करून मतदान झालं आणि ललिता पवार भरघोस मतांनी निवडून आल्या. तेवढ्यात मुलाला खेळवायला आलेल्या एका सूनबाईंनी विचारलं, की आजोबा, त्या बाईंचा एक डोळा बारीक दिसतो, तो मुळातच तसा होता की मेकअप करायच्या? ओट्यावर कोणालाच नीट सांगता आलं नाही. मला माहीत होतं. पण ते सांगायचं तर घरातलीही एक गोष्ट सांगावी लागली असती, म्हणून मी गप्प बसलो. ते उत्तर आज देतो.

ललिताबाईंचं मूळ नाव अंबा. जन्म १८ एप्रिल १९१६ चा, नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याचा. येवला म्हणजे पैठणीचं गाव, आणि वडील लक्ष्मणराव सगुण यांचा व्यवसायही रेशीम आणि सुताचाच. घर खाऊनपिऊन सुखी. लहान वयात ती पुण्याला आली असताना शूटिंग पाहायला गेली आणि तिथल्या लोकांच्या नजरेत भरली, असं सांगतात. पुण्यात तेव्हा आर्यन फिल्म कंपनी मूकपट काढत असे. १९२८ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तिनं बालकलाकार म्हणून काम केलं. हा ‘हरिश्चंद्र’ नंतरचा. दादासाहेब फाळक्यांचा १९१३ सालचा तो वेगळा. फाळक्यांना तारामतीच्या कामासाठी बाई मिळेना, म्हणून साळुंके नावाच्या पुरुषाला लुगडं नेसवावं लागलं होतं. त्यानंतर अवघ्या पंधरा वर्षांत चांगल्या घरातली एक मुलगी कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती.

मूकपटांत ती हळूहळू नायिका झाली. आजच्या पिढीला खरं वाटणार नाही, पण ललिता पवार ही त्या काळची देखणी, धाडसी नायिका होती. १९३२ च्या ‘कैलास’ या मूकपटाच्या निर्मितीतही तिचा वाटा होता. वय तेव्हा सोळा! सिनेमा बोलायला लागला तशी ती बोलपटात आली, गाणीही गायली. १९३८ साली तिनं स्वतः ‘दुनिया क्या है’ हा चित्रपट काढला. तो टॉलस्टॉयच्या कादंबरीवर होता. मराठीत भालजी पेंढारकरांचा ‘नेताजी पालकर’ आणि वि. स. खांडेकरांनी लिहिलेला ‘अमृत’ हे तिचे त्या सुमारासचे चित्रपट. पवार हे आडनाव पहिल्या लग्नाचं. तो संसार टिकला नाही. पुढे निर्माते राजप्रकाश गुप्ता यांच्याशी लग्न झालं, पण पडद्यावर नाव पवारच राहिलं.

आता तो डोळा. १९४२ साली ‘जंग-ए-आझादी’ नावाच्या चित्रपटाचं शूटिंग चालू होतं. प्रसंग असा, की नटानं तिला थोबाडीत मारायची. नट होते मास्टर भगवान, म्हणजे आपले भगवानदादा. आपले अशासाठी, की त्यांचा जन्म इथून दोन तासांच्या अंतरावरच्या अमरावतीचा. तेव्हा त्यांचं वय एकोणतीस, मारधाडीच्या चित्रपटांत वाढलेला गडी. हात जरा जास्तच जोरात बसला. डाव्या डोळ्याची शीर फुटली आणि चेहऱ्याच्या त्या बाजूला लकवा मारला. उपचारांत वर्षं गेली. चेहरा बराचसा सावरला, पण डावा डोळा कायमचा बारीक झाला. नायिकेची कामं संपली. वय होतं सव्वीस.

मारणाऱ्याच्या मनात काही नव्हतं. तो अपघात होता. भगवानदादांच्या आयुष्यातही पुढे चढउतार आले. १९५१ च्या ‘अलबेला’नं त्यांना बंगला, गाड्या, सगळं दिलं, आणि नंतरच्या चित्रपटांत ते सगळं गेलं. शेवटचे दिवस दादरच्या चाळीत काढून २००२ साली ते वारले.

आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचं, तर सव्वीसाव्या वर्षी या बाईंचं सगळं भांडवल एका झटक्यात बुडालं. नायिकेचं भांडवल म्हणजे चेहरा. अशा वेळी बहुतेक जण दुकानाला कुलूप लावतात. ललिताबाईंनी त्याच डोळ्यावर नवा धंदा उभा केला. १९४४ च्या ‘रामशास्त्री’त त्यांनी आनंदीबाई केली. मग सासवा सुरू झाल्या. १९५० साली शांतारामबापूंच्या ‘दहेज’मध्ये त्यांनी जी सासू रंगवली, तिनं देशभरच्या सुनांना घाम फोडला असेल. बारीक डोळा आणखी बारीक करायचा, मान थोडी वाकडी करायची, की संवादाची गरजच उरत नसे. पुढची चाळीस वर्षं हे चलन बंद झालं नाही. १९८० साली ‘सौ दिन सास के’ आला, तेव्हाही सासू म्हणून ललिताबाईच.

पण नुसती खाष्ट सासू म्हणून त्यांना फाईल बंद करणं हा अन्याय आहे, आणि तो आपण सर्रास करतो. १९५५ च्या ‘श्री ४२०’मधली केळी विकणारी गंगामाई आठवा. परगावाहून आलेल्या राज कपूरला त्या अफाट मुंबईत मायेचं माणूस भेटतं ते तीच. १९५९ च्या ‘अनाडी’तली मिसेस डिसा पाहा. वरून तोंड सोडणारी, आतून पोटच्या पोरासारखी माया करणारी घरमालकीण. ती भेसळीच्या औषधानं मरते तेव्हा थिएटरात मोठमोठी माणसं रुमाल शोधत. या कामासाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर मिळालं. १९६१ साली संगीत नाटक अकादमीनं गौरव केला. त्याच सालच्या ‘जंगली’त त्या घरात हसायला बंदी घालणारी आई झाल्या, आणि पुढच्याच वर्षी ‘प्रोफेसर’मध्ये म्हातारपणी प्रेमात पडणारी कडक बाई होऊन लोकांना हसवून सोडलं. १९७१ च्या ‘आनंद’मध्ये पुन्हा डिसा नावाचीच मेट्रन, तीही मायाळू. एकच डोळा, पण त्यातून कधी विष यायचं, कधी वात्सल्य. तेव्हा डोळ्याला दोष देण्यात अर्थ नाही. करणारी बाई होती.

आता मंथरा. ही भूमिका त्यांनी दोनदा केली. पहिल्यांदा १९६१ च्या ‘संपूर्ण रामायण’मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी. तो सिनेमा मी वणीच्या रंगनाथस्वामींच्या जत्रेत तंबूत पाहिला. मी लहान, आईच्या मांडीला टेकून बसलेलो. पडद्यावर कुबड काढून मंथरा आली, तशी तंबूतल्या बायांनी कडाकडा बोटं मोडली. माझ्या आईनंही मोडली. घरी येईपर्यंत ती त्या मेलीला शिव्या घालत होती.

दुसऱ्यांदा रामानंद सागरांच्या मालिकेत. २५ जानेवारी १९८७ ला ‘रामायण’ सुरू झालं. मी तेव्हा दारव्ह्याच्या शाखेत होतो. आमच्याकडे ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. रविवारी सकाळी साडेनऊला अर्धी गल्ली आमच्या बैठकीत. एक जण माडीवर अँटेना धरून, बाकीचे सतरंजीवर. लाइन गेली की सगळ्यांचा जीव खालीवर. सत्तरी गाठलेल्या ललिताबाई कैकेयीचे कान भरायला आल्या त्या रविवारी आई नेहमीसारखी दाराशी पाटावर बसली होती.

आईला दोन वर्षांपूर्वी चेहऱ्याचा लकवा झाला होता. औषधं झाली, मालिश झाली, पण तोंड एका बाजूला ओढलेलं राहिलं आणि एक डोळा मिटल्यासारखा. पडद्यावर मंथरेचा चेहरा मोठा करून दाखवला, तशी समोर बसलेली पोट्टी एकदम मागे वळून आईकडे पाहायला लागली. एक जण काहीतरी बोलला. सगळी बैठक हसली. हे लिहिताना हात जड होतो, पण खरं लिहायचं तर मीही हसलो. आईनं पदर पुढे ओढला आणि उठून आत गेली. पुढच्या रविवारपासून ती बाहेर बसली नाही. रामाची एवढी भक्त, पण राम वनवासातून परत येईपर्यंत तिनं मालिका ऐकली ती स्वयंपाकघरातून, नुसती कानांनी. मी तिला एकदाही बाहेर बोलावलं नाही. लकव्यानंतरचा तिचा एकही फोटो आमच्याकडे नाही. भिंतीवर लावलाय तो आधीचा आहे.

आई १९९२ साली गेली. ललिताबाई गेल्या २४ फेब्रुवारी १९९८ ला. त्यांच्या थपडेची आणि डोळ्याची सगळी हकीकत मी पहिल्यांदा वाचली ती त्यांच्या मृत्यूच्या बातमीसोबत. वाचून पेपर तसाच मांडीवर ठेवला. जिच्या नावानं माझ्या आईची थट्टा झाली, ती बाईही लकव्याचाच चेहरा घेऊन छपन्न वर्षं जगाच्या समोर बसली होती. आत उठून गेली नव्हती. हे १९८७ साली मला माहीत असतं तर आईला हात धरून बाहेर आणली असती, पाटावर बसवली असती आणि सांगितलं असतं, की हे बघ, हिचंही तुझ्यासारखंच झालंय. आणि पोट्ट्यांनाही सांगितलं असतं. ती संधी गेली.

बातमीत आणखी एक गोष्ट होती. सातशेच्या आसपास चित्रपट केलेली, घराघरात माहीत असलेली ही बाई पुण्यात औंधला आपल्या घरी एकटी असताना गेली. यजमान दवाखान्यात भरती होते. मुलगा फोन करत होता, तो कोणी उचलेना, तेव्हा कळलं. मधे दोन-तीन दिवस गेले होते.

आपल्या सोसायटीची नोंदणी त्यानंतरची. सुरुवातीला इथं मुरमाचे रस्ते होते, बोअरला पाणी नव्हतं, त्या गोष्टी इतरांनी या अंकात लिहिल्याच असतील. आज रस्ते आहेत, पाणी आहे, पण पोरं पुण्याला, बंगलोरला, परदेशात आहेत आणि कितीतरी घरांत एकटं-दुकटं म्हातारं माणूस आहे. लॉकडाउनमध्ये दूरदर्शननं २०२० च्या मार्चअखेर ‘रामायण’ पुन्हा दाखवलं, तेव्हा आम्ही ओटेकरी आपापल्या घरी बसून पाहायचो आणि संपलं की एकमेकांना फोन करायचो. निमित्त मालिकेचं, पण खरं म्हणजे समोरचा फोन उचलतो की नाही हे पाहायचं असे. ती सवय आम्ही ठेवली आहे. ओट्यावर कोणी दोन दिवस दिसलं नाही, सकाळी आठनंतरही दुधाची पिशवी फाटकाला तशीच लटकलेली दिसली, तर कोणाला न विचारता बेल वाजवायची. रागावले तर रागावले. आतापर्यंत दोनदा बेल वाजवल्याचा उपयोग झाला आहे. त्या दोन्ही व्यक्ती हा अंक वाचतीलच, म्हणून नावं लिहीत नाही.

तेव्हा सूनबाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं, की तो डोळा मेकअपचा नव्हता. उत्तराला उशीर झाला, त्याबद्दल क्षमस्व. एखाद्या संध्याकाळी सासूबाईंना घेऊन ओट्यावर या. पुढचा विषय ‘अनाडी’ ठरला आहे.