खाशाबा जाधव

खाशाबा दादासाहेब जाधव (१५ जानेवारी, इ.स. १९२६ – १४ ऑगस्ट, इ.स. १९८४) हे मराठी कुस्तीगीर होते. इ.स. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधील त्यांचे कांस्यपदक हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

जीवन व कारकीर्द

खाशाबांचा जन्म सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळील गोळेश्वर या गावी झाला. वडील दादासाहेब हे स्वतः मल्ल होते. कुस्तीचे पहिले धडे घरीच मिळाले. पुढील शिक्षण कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात झाले. इ.स. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तांबड्या मातीत वाढलेल्या या मल्लास मॅटवरील कुस्ती नवखी होती, तरी फ्लायवेट गटात त्यांनी सहावा क्रमांक मिळवला.

हेलसिंकीस जाण्यासाठी गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. बँटमवेट (५७ किलो) गटात जपानचे शोहाची इशी पहिले व सोव्हिएत संघाचे रशीद मामेदबेकोव दुसरे आले. परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली.

इतर कालखंडांशी तुलना

खाशाबांची तुलना नंतरच्या मल्लांशी वारंवार केली जाते. ती करताना नियमांतील फरक ध्यानी घ्यावा लागतो. आखाड्यात ना वजनगट होते, ना घड्याळ. प्रतिस्पर्धी चीतपट झाला की निकाल लागे. त्यामुळे लोकांच्या मनात थोर मल्ल म्हणजे वजनदार मल्ल असेच समीकरण राहिले. मुष्टियुद्धातही जगाचे लक्ष हेवीवेट विजेत्याकडेच अधिक असते. हिंदकेसरी (इ.स. १९५८ पासून) व महाराष्ट्र केसरी (इ.स. १९६१ पासून) या किताबांनी ही दृष्टी पक्की केली. अंगकाठीने लहान असलेले खाशाबा त्या मापात बसत नाहीत. म्हणून ते उणे ठरतात असे मानणे मात्र अन्यायाचे होईल.

भारताला कुस्तीतले पुढचे ऑलिंपिक पदक मिळण्यास ५६ वर्षे लागली. इ.स. २००८ मध्ये सुशील कुमार यांनी बीजिंग येथे कांस्यपदक जिंकले. तोवर प्रत्येक गटात दोन कांस्यपदके देण्याची व पराभूतास रेपेचाजद्वारे पुन्हा संधी देण्याची पद्धत आली होती. हेलसिंकीत गटात एकच कांस्य होते आणि लढतही आजच्या सहा मिनिटांहून बरीच दीर्घ चाले. यावरून कोण श्रेष्ठ हे ठरत नाही, परंतु दोन्ही पदके एकाच तराजूत तोलता येत नाहीत, एवढे निश्चित.

उत्तरायुष्य

गुडघ्याच्या दुखापतीमुळे खाशाबांना इ.स. १९५६ च्या ऑलिंपिकला मुकावे लागले. तत्पूर्वी, इ.स. १९५५ मध्ये, ते पोलीस उपनिरीक्षक झाले होते. सहायक पोलीस आयुक्त पदावरून ते निवृत्त झाले. त्यांचा मृत्यू रस्ते अपघातात झाला. अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला. पद्म सन्मान मिळाला नाही. दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातील कुस्तीच्या सभागृहास त्यांचे नाव आहे.