सर वॉल्टर स्कॉट
सर वॉल्टर स्कॉट (१५ ऑगस्ट, इ.स. १७७१:एडिनबरा - २१ सप्टेंबर, इ.स. १८३२:ॲबट्सफर्ड) हे स्कॉटिश कवी व ऐतिहासिक कादंबरीकार होते.

कर्ज व परतफेड
इ.स. १८२६च्या आरंभी त्यांचे प्रकाशक आणि त्यांची भागीदारी असलेला बॅलंटाइन छापखाना बुडाला. सुमारे १,२०,००० पौंडांचे देणे स्कॉट यांच्यावर आले. दिवाळखोरी पत्करली असती, तर मालमत्ता सोडून ते ऋणमुक्त झाले असते आणि पुढील कमाई त्यांचीच राहिली असती. तो मार्ग नाकारून त्यांनी विश्वस्तांशी करार केला व भावी लेखनाचे उत्पन्न धनकोंच्या नावे केले. इ.स. १८३०मध्ये धनकोंनी त्यांचा ग्रंथसंग्रह कृतज्ञतेने परत दिला. मात्र त्याच वर्षी त्यांना पक्षाघाताने गाठले. उरलेले कर्ज त्यांच्या मृत्यूनंतर ग्रंथांच्या उत्पन्नातून फिटले.